लाल झग्यावर वॉशचे डाग आणि खरखरीत प्रायमर: नेमकं कुठे चुकतंय?

सांगाडेवाला

नमस्कार मंडळी,

हातातलं काम असं: टेबलावर खेळायच्या खेळातल्या २८ मिमीच्या मिनी, म्हणजे छोट्या प्रतिकृती. २० सांगाडे आणि त्यांचा म्होरक्या मांत्रिक. सगळे स्प्रूवरून (सुटे भाग धरून ठेवणारी प्लास्टिकची चौकट) कापून जोडलेले, कडक प्लास्टिकचे. स्प्रेच्या डब्यातलं काळं प्रायमर (रंग धरावा म्हणून पहिला थर), त्यावर ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंग, मग वॉश (खाचांत साचून सावली देणारा पातळ रंग), मग ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग) आणि शेवटी मॅट व्हार्निश असा क्रम धरला आहे. पाच सांगाडे आणि मांत्रिक व्हार्निशच्या अलीकडपर्यंत आले आहेत. तक्रारी अशा:

१. प्रायमर खरखरीत. बोट फिरवलं की कण लागतात, झग्यावर तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

२. मांत्रिकाचा झगा लाल करायचा आहे, पण काळ्यावर लाल चढतच नाही. चढेपर्यंत थर दिले तर ब्रशचे पट्टे उमटतात आणि घड्या बुजायला लागतात.

३. त्याच झग्यावर तपकिरी वॉश लावला, तर वाळल्यावर गडद कडा असलेले डाग.

४. हाडांवरचा ड्रायब्रश पांढरी भुकटी टाकल्यागत दिसतो.

रंग ड्रॉपरच्या बाटलीतले आहेत, पातळ करायला साधं पाणी. ब्रश सिंथेटिक, ००० आणि १ नंबर. आहे त्यावर काय सुधारता येईल, काय उतरवून पुन्हा करावं लागेल, आणि उरलेल्या १५ सांगाड्यांसाठी क्रम बदलावा का?

कुंचलेकरी

तक्रारी चार असल्या तरी कारणं दोनच दिसतात. एक, प्रायमर मिनीवर पोचण्याआधीच हवेत वाळतंय. दोन, ब्रशमधला ओलावा ताब्यात नाही. दुसऱ्यावर बाकीचे लिहितीलच, मी प्रायमरपुरतं लिहितो.

स्प्रेमधून निघालेला थेंब ओला असतानाच प्लास्टिकवर पोचला तर पसरतो, शेजारच्या थेंबात मिसळतो आणि सपाट थर बनतो. वाटेत अर्धा वाळला तर कण म्हणून जाऊन चिकटतो. म्हणून डबा फार लांब धरणं, कडक ऊन, गरम हवा आणि वारा या सगळ्यांचा परिणाम एकच. दमट हवेची तऱ्हा निराळी: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि थर धुरकट होतो. थर जाड बसू नये म्हणून बरेच जण डबा हातभर लांब धरतात आणि तेच नडतं. अंतर २० ते ३० सेंमी, त्यातही २५च्या आसपास.

डबा दोन मिनिटं हलवायचा, आणि ही दोन मिनिटं आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून मोजायची. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून तिच्यावरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर थांबवायचा. मिनीवर रोखून बटण दाबलं की पहिलाच जाड थेंब तोंडावर बसतो. एका फटक्याला एक सेकंद पुरे. पाच-सहा मिनी दुहेरी चिकटपट्टीने एका काठीवर लावा, मध्ये दोन बोटं अंतर ठेवा, एक बाजू झाली की काही मिनिटं थांबून काठी फिरवा. झग्याच्या आत आणि काखेत फवारा पोचत नाही, तिथे पातळ काळा रंग ब्रशने भरून टाका. फवारा कुठल्याही परिस्थितीत तिथे पोचवायचाच असा हट्ट धरला की बाकीचे बारकावे बुजतात.

हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर डबा उचलूच नका. ब्रशने लावायचं प्रायमर वापरा. वालेहो कंपनीचं सरफेस प्रायमर पॉलियुरेथेनचं असतं, ते आपोआप सपाट होतं, फक्त खाचांत साचू द्यायचं नाही. हाताला लवकर कोरडं लागतं, पण पक्कं व्हायला २४ तास द्या. तोवर नख लागलं तरी साल निघावी तसं निघतं, आणि मग आपण उगाच प्लास्टिक नीट धुतलं नव्हतं का म्हणून शोधत बसतो.

उरलेल्या १५ सांगाड्यांना निव्वळ काळ्यावर रंगवण्यात अर्थ नाही. झेनिथल करा: आधी सगळीकडून काळं, मग वरून ४५ अंशांतून राखाडी, शेवटी थेट डोक्यावरून पांढऱ्याचे एक-दोन हलके फटके. बरगड्यांखाली आणि हनुवटीखाली काळं उरतं, कवटी आणि खांदे उजळतात. सावली आयती मिळते आणि पुढचा रंग पातळ असला तरी चालतो.

आणि फवारण्याआधी मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या सांध्याच्या उंच रेघा, बघा. सांगाड्यांच्या मांडीच्या हाडावर आणि भाल्याच्या दांड्यावर त्या हमखास राहतात, आणि ड्रायब्रश नेमका त्यांनाच उठाव देतो. खरवडायला चाकूची धार नाही, पाठ घ्यायची. पातं काटकोनात धरून हलकेच ओढायचं. धारेने सपाट चकत्या पडतात आणि गोल हाड चपटं होतं.

दोन_पातळ_थर

प्रायमरबद्दल वर सगळं आलंच आहे. झग्याकडे वळतो.

रंगात पाणी किती घातलं हे सगळे विचारतात, ब्रशमध्ये रंग किती भरला हे कोणी विचारत नाही. पट्टे, डाग, घड्या बुजणं, यातलं बहुतेक सगळं तिथून येतं. केसांचा पुढचा अर्धा भागच रंगात बुडवा. मग ब्रश टिश्यूवर एकदा हलकेच टेकवा, पुसू नका. मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. रंग पसरून नखाच्या कडेच्या खाचेत पळाला तर ब्रश फार ओला. रेघ तुटक आली, ब्रश अडखळला, तर रंग घट्ट. रेघ किंचित पारदर्शक पण आपल्या कडांच्या आत राहिली की मग मिनीला हात लावायचा. ही चाचणी प्रत्येक वेळी ब्रश भरल्यावर करायची. यात आळस केला की डाग ठरलेलाच.

००० नंबरचा ब्रश बाजूला ठेवा. बारीक कामाला बारीक ब्रश हा हिशेब इथे चुकतो. त्याच्या पोटात रंग मावतोच इतका कमी की मिनीपर्यंत जाईस्तोवर टोकावर वाळतो. टोक शाबूत असलेला १ किंवा २ नंबर डोळ्यांसाठीही चालतो. कोलिन्स्की सेबल केस असले तर उत्तम, विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ त्यासाठीच नावाजलेली आहे. सिंथेटिकचं टोक काही दिवसांनी वाकतं, तो ब्रश मग रंग कालवायला ठेवायचा. रंग पत्र्याच्या टोपीत शिरू द्यायचा नाही. तिथे वाळला की केस फाकतात आणि टोक परत मिळत नाही.

आता लाल. लाल आणि पिवळी रंगद्रव्यं बहुधा पारदर्शक असतात, काळ्यावर ती झाकत नाहीत आणि कितीही थर दिले तरी मळकटच दिसतात. मध्ये पायरी घ्या. झग्यावर आधी गडद तपकिरी-लाल, एकास एक पाणी, दोन थर, खाचांसकट सगळीकडे. त्यावर मध्यम लाल, पण खोल खाचा सोडून फक्त घड्यांच्या उतारावर आणि उंचवट्यावर, दोन किंवा तीन थर. मग त्याच लालात थोडा नारिंगी मिसळून फक्त वरच्या कडांवर. उजळ करायला पांढरा घातलात तर झगा गुलाबी होईल. सावली अजून खोल हवी असेल तर लालात थेंबभर गडद हिरवा किंवा गडद निळा मिसळा. काळ्याने लाल मेल्यासारखा दिसतो.

दोन छटांमधली पायरी दिसत असेल तर ग्लेझ, म्हणजे अतिपातळ पारदर्शक थर: १ भाग मधला रंग, २ भाग ग्लेझ मीडियम, २ भाग पाणी. ब्रश भरून टिश्यूवर चांगला टिपून घ्या, जवळजवळ कोरडा वाटेल इतका. ब्रश जिथे उचलला जातो तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो, म्हणून रेघ नेहमी जिथे रंग हवा त्या दिशेने ओढायची. सावली गडद करायची तर वरून खाचेकडे, उजळ करायचं तर खाचेकडून कडेकडे. दोन-तीन थरांत काही बदललंच नाही असं वाटेल. पाचव्या-सहाव्या थराला पायरी विरघळलेली दिसते. मधला थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नको, कारण अर्धवट वाळलेल्या थरावरून ब्रश गेला की तो फाटतो आणि खालचा रंग डोकावतो.

फक्त पाण्याने किती पातळ करायचं यालाही मर्यादा आहे. पाणी रंगद्रव्य पातळ करतं तसं बाइंडरही, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भागही, पातळ करतं. फार झालं की थर दाणेदार होतो, थेंब गोळा होतो आणि नंतर घासला की निघतो. मीडियम म्हणजे रंगद्रव्याशिवायचा बाइंडर. त्यामुळे ग्लेझसारख्या अतिपातळ कामात ते निदान पाण्याइतकं तरी असावं.

वॉशचे डाग. सपाट पृष्ठभागावर साचलेल्या वॉशची कड आधी वाळते, मधलं पाणी त्या कडेकडे ओढलं जातं आणि जाताना रंगद्रव्य घेऊन जातं. म्हणून डाग आतून फिका आणि कडेला गडद. बरगड्यांवर, साखळीच्या चिलखतावर, फरवर हे दिसत नाही, कारण तिथे वॉश बसायला खाचा असतात. मोठ्या सपाट झग्यावर सरसकट वॉश ओतणं ही मुळात चुकीची जागा आहे. तिथे वॉश फक्त घडीच्या रेषेत टोकाने भरायचा, एकास एक मीडियम घालून, आणि दुसऱ्या स्वच्छ दमट ब्रशने त्याची कड लगेच ओढून घ्यायची. अर्ध्या मिनिटानंतर हात लावायचा नाही. थेंब साचलेला उशिरा दिसला तरी तो वाळू द्या, नंतर वरून दुरुस्ती होते. अर्धवट वाळलेला वॉश टिपायला गेलात तर मधला भाग निघतो आणि कड तशीच राहते. हेअर ड्रायर लावायचाच तर गार हवेवर, कमी वेगात आणि लांबून, नाहीतर वॉश ढकलला जातो.

विसाचा_फासा

वरचं सगळं मांत्रिकाला लागू. १५ सांगाड्यांवर ग्लेझ करत बसणं म्हणजे वेळेचा चुराडा. टेबलावर ते घोळक्यानेच उभे राहणार, हातभर अंतरावरून बघितले जाणार.

सांगाड्यांसाठी दोन सरळ मार्ग आहेत. पहिला कॉन्ट्रास्ट रंगांचा, म्हणजे एकाच हातात रंग आणि सावली देणाऱ्या रंगांचा. सिटाडेलने २०१९ मध्ये हे आणले, आता तशाच जातीचे वालेहोचे एक्सप्रेस कलर आणि आर्मी पेंटरचे स्पीडपेंटही आहेत. रेथबोनसारख्या फिक्या, उबदार प्रायमरवर स्केलेटन होर्ड या कॉन्ट्रास्ट रंगाचा एक हात दिला की हाड आणि सावली एकदम तयार होतात. अट एकच, प्रायमर गुळगुळीत हवं. हे रंग प्रत्येक कणाभोवती साचतात, त्यामुळे खरखरीत प्रायमरवर हाड ठिपकेदार दिसतं. धागाकर्त्यांनी आधी प्रायमर सुधारावं, मगच या वाटेला जावं.

लावताना ब्रश भरपूर भरायचा, एक हात, एक पाय असा तुकडा पूर्ण करायचा आणि साचलेला थेंब लगेच दुसरीकडे ओढायचा. थेंब हमखास साचतो तो डोळ्यांच्या खोबणीत, पायांच्या बोटांमध्ये आणि ढालीच्या मागे. खोबणीतला राहू द्या, बाकीचे टिपा. मिनिटभराने परत तिथे ब्रश घातला तर ओरखडा उठतो. फिका हवा असेल तर पाण्याऐवजी त्याच जातीचं मीडियम घाला. स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, वाळल्यावरही ओल्या ब्रशने ती पुन्हा सुटते आणि वरच्या रंगात मिसळते. २.० आवृत्तीत ते सुधारलं आहे.

दुसरा मार्ग जुना आणि खात्रीचा, सध्याच्या काळ्या प्रायमरलाही चालतो. सिटाडेलच्या झँड्री डस्टचे दोन पातळ थर, अ‍ॅग्रॅक्स अर्थशेडचा वॉश सगळीकडे, तो पूर्ण वाळल्यावर उशाब्ती बोनचा ड्रायब्रश, आणि शेवटी स्क्रीमिंग स्कल फक्त कवटी, खांदे आणि गुडघ्यांवर. दुसऱ्या कंपनीचे रंग असतील तर नावांवर जाऊ नका: मातकट खाकी, गडद तपकिरी वॉश, हाडाचा पिवळसर, हस्तिदंती.

ड्रायब्रश भुकटीसारखा दिसण्याची तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम लागू होतात. रंग निव्वळ पांढरा, ब्रश ठणठणीत कोरडा, आणि खालच्या छटेपासून एकदम मोठी उडी. पांढऱ्याऐवजी हस्तिदंती घ्या, मध्ये एक छटा घाला. ब्रश मेकअपचा, गोल, मऊ आणि दाट केसांचा घ्या. चपटे राठ ब्रश ओरखडे काढतात. आधी ब्रश जेमतेम दमट स्पंजावर एकदा टेकवा, थोडा रंग घ्या आणि खडबडीत पृष्ठभागावर पुसा, टिश्यूवर नाही. टिश्यू रंगातलं सगळं पाणी पिऊन टाकतो आणि ब्रशवर फक्त कोरडे कण उरतात, तीच तुमची भुकटी. मग मिनीवर हलक्या हाताने गोल गोल फिरवा. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच दिसत नसेल तर बरोबर चाललंय.

आत्ता जे पाच सांगाडे भुकटी खाऊन बसलेत त्यांना उतरवायची गरज नाही. सेपिया वॉश १ भाग, मीडियम ३ भाग, सगळीकडे एक पातळ हात. पांढरेपणा खाली बसतो, वाळल्यावर फक्त कवटीवर थोडा हस्तिदंती पुन्हा.

पाच-पाचचे गट करा. एक रंग पाचांवर, मग पुढचा. पाचवा होईस्तोवर पहिला वाळलेला असतो. पंधरा एकदम घेतले की वाळण्याचा वेळ वाचत नाही, फक्त कंटाळा वाढतो.

सांगाडेवाला

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. सांगाड्यांचं कळलं. मांत्रिकाचा झगा मात्र खरखरीत प्रायमर अधिक तीन जाड थर असा झालाय, ग्लेझने झाकला जाईल असं वाटत नाही. रंग उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल का? झग्याचे दोन भाग प्लास्टिक सिमेंटने जोडलेत, मान आणि काठी सुपरग्लूने.

आणखी एक. एका बोर्डगेममधली मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकची मिनी त्याच डब्याने प्रायमर केली होती. ती अजून हाताला चिकट लागते. थांबल्याने सुकेल का?

झाकण_घट्ट

मांत्रिक उतरवा. सपाट झग्यावर खालची खरखर प्रत्येक थरातून वर येते, तिच्यावर वेळ घालवू नका.

कडक प्लास्टिकला आयसोप्रोपिल चालतं, ९९ टक्क्यांचं मिळालं तर काम लवकर होतं. काचेच्या बरणीत मिनी बुडेल इतकं ओता, झाकण लावा, अर्धा तास ठेवा. हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा, घड्यांत टूथपिक फिरवा, न निघालेल्या भागासाठी पुन्हा बुडवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको, याची वाफ पेट घेते. ब्रशने लावलेले रंग पटकन सुटतात. स्प्रेचं प्रायमर हट्टी असतं, खाचांतून सगळं निघणार नाही. पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागला की बास, खाचांतला काळा राहिला तरी बिघडत नाही. शेवटी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग पूर्ण कोरडं.

अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. हे कडक प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते त्यात विरघळतं, रंगाबरोबर मांत्रिकही जाईल. रेझिनच्या मिनीला आयसोप्रोपिलमध्ये जास्त वेळ ठेवलं तर ती मऊ पडू शकते, तिथे काही मिनिटांच्या बुडीने सुरुवात करून बघायचं.

प्लास्टिक सिमेंटचा जोड सुटणार नाही, कारण तिथे दोन्ही तुकडे विरघळून एक झालेले असतात. सुपरग्लूचा मात्र घासताना तुटू शकतो. मान आणि काठी निघालीच तर ती इष्टापत्ती समजा. डोकं आणि काठी वेगळी ठेवूनच रंगवा, झग्याच्या पुढच्या बाजूला ब्रश मोकळा फिरेल. नंतर चिकटवताना जोडाच्या जागेवरचा रंग खरवडा. रंगावर लावलेला सुपरग्लू रंगाला धरतो, प्लास्टिकला नाही. प्लास्टिक सिमेंट तर रंगावर कामच करत नाही.

मऊ मिनीबद्दल: ते बहुधा पीव्हीसी. त्यात लवचीकपणासाठी प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते आणि काही स्प्रेमधलं द्रावक यांचं जमत नाही. चिकटपणा थांबून जात नाही. वरच्याच पद्धतीने, पण थोडा थोडा वेळ बुडवून उतरवा, साबणाने धुवा आणि ब्रशने लावायचं पाण्याचं प्रायमर द्या. तलवार वाकडी असेल तर ती रंगवण्याआधीच सरळ करा: उकळून किंचित निवलेल्या पाण्यात काही सेकंद, बोटाने सरळ, तशीच धरून लगेच गार पाण्यात.

नवी_बाटली

एवढी चर्चा झाली आणि वेट पॅलेटचं, म्हणजे रंग ओला ठेवणाऱ्या पॅलेटचं, नाव कोणी काढलं नाही? निम्मे प्रश्न त्यानेच सुटतील. चपटा हवाबंद डबा, तळाला स्पंज किंवा चार-पाच पदरी टिश्यू, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणकागद नाही, त्यातून पाणी वर येत नाही. रंग तासन्‌तास ओला राहतो.

दोन_पातळ_थर

ग्लेझ आणि लेअरिंगसाठी (पातळ थरांवर थर देण्यासाठी) जरूर घ्या. पण पहिल्याच दिवशी नको असं माझं मत. कागदातून पाणी सतत वर येत राहतं, त्यामुळे पाच मिनिटांपूर्वी बरोबर असलेला रंग आता जास्त पातळ झालेला असतो, आणि ब्रशमधला ओलावा ओळखता येत नसेल तर डाग वाढतात. वापरणारच असाल तर पाणी स्पंजाच्या वर दिसता कामा नये. कागदावर पाणी तरंगत असेल तर डबा तिरका करून ओतून द्या. वॉश, कॉन्ट्रास्ट, धातूचे रंग आणि ड्रायब्रश या चौघांना साधी कोरडी प्लेटच बरी. आणि डबा बंद करून आठवडाभर विसरलात तर आत बुरशी धरते. स्पंज धुवत राहा, पाणी बदला.

कुंचलेकरी

व्हार्निश अजून बाकी आहे, म्हणून आधीच सांगतो. सगळं नीट जमलेलं काम इथेच पांढरं पडतं.

मॅट व्हार्निशमध्ये चमक घालवणारी बारीक पूड असते आणि ती तळाला बसते. बाटली किंवा डबा नीट हलवला नाही तर आधी चकचकीत थर येतो आणि शेवटी शेवटी सगळी पूड एकदम. जाड थर किंवा दमट हवा, तरीही पांढरं धुकं. अंतर आणि आर्द्रतेचे नियम प्रायमरचेच. आधी एका फालतू स्प्रूच्या तुकड्यावर मारून वाळू द्या, मग मिनीवर. धुकं आलंच तर कोरड्या हवेत वरून ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ थर द्या. बहुतेक वेळा पांढरेपणा नाहीसा होतो, कारण ग्लॉस त्या सूक्ष्म खरखरीत शिरून ती भरून काढतो. तो पक्का वाळल्यावर पुन्हा मॅट, या वेळी अगदी हलका.

खेळात सतत हाताळल्या जाणाऱ्या मिनींना असाही क्रम चांगला: आधी ग्लॉस, दुसऱ्या दिवशी मॅट. ग्लॉस जास्त टणक असतो, मॅट फक्त चमक घालवायला. कॉन्ट्रास्टने रंगवलेल्या सांगाड्यांना तर व्हार्निश हवंच, कवटी आणि भाल्याच्या टोकावरचा तो थर बोटांनी घासून जातो. मिनी बोटांनी न धरता बाटलीच्या बुचावर पुट्टीने चिकटवून रंगवली तर निम्मी झीज तिथेच वाचते.

सांगाडेवाला

मांत्रिक बरणीत गेला आहे. शेवटचं, सांगाड्यांच्या तलवारी गंजलेल्या दाखवायच्या आहेत. वॉशनेच होईल की वेगळे रंग लागतील?

विसाचा_फासा

आहे त्यातच होईल. तलवारीवर गडद धातूचा रंग, त्यावर अ‍ॅग्रॅक्स किंवा कुठलाही गडद तपकिरी वॉश, इथे डाग पडले तर उलट चांगलंच. वाळल्यावर फाटलेल्या स्पंजाचा तुकडा चिमट्यात धरून गडद तपकिरी रंगात बुडवा, टिश्यूवर बहुतेक सगळा टिपून टाका आणि पात्यावर हलकेच टेकवा. ठिपके मुठीजवळ आणि खाचांजवळ दाट, टोकाकडे विरळ. त्यातल्या काही ठिपक्यांच्या आत नारिंगी, पाण्याने अगदी पातळ केलेला, ब्रशच्या टोकाने. शेवटी धारेवर स्वच्छ चांदीची एक तुटक रेघ. हे सगळं मॅट व्हार्निशच्या आधी करा, पण ती चांदीची रेघ मात्र व्हार्निशनंतर, नाहीतर धातूची चमक मरते.

धातूच्या रंगांसाठी पाण्याचं भांडं आणि ब्रश दोन्ही वेगळे ठेवा. त्यातली चमकी पाण्यात तरंगत राहते, तेच पाणी झग्याला लागलं तर लाल रंगात चांदीचे ठिपके दिसतील.